न उचललेले एकोणचाळीस फोन

मित्रांनो, काचेला तडा गेलेला, पाठीला रबर बांधलेला मी एक जुना मोबाईल आहे. आता वर्ध्यात काजलताईच्या घरी कपाटावर चार्जरला टांगलेला असतो. पण माझी उमेदीची वर्षं गेली सेलूला, तिच्या वडिलांच्या, म्हणजे भैयाजींच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात.

काजल त्यांची एकुलती एक लेक. वर्ध्याला ऑफिसात लागली आणि पहिल्याच पगारात तिनं मला घेऊन वडिलांच्या हातावर ठेवलं. काय लाड झाले माझे! मशीन पुसायचं फडकं आधी माझ्यावर फिरायचं, मग मी दिवसभर तेलकट. "माया लेकीनं देल्ला," असं म्हणून ते मला गिऱ्हाइकांना दाखवायचे. त्याच सुमारास गल्लीतल्या एकाला कोणीतरी फोनवरून गंडवलं. काजल घाबरली. "बाबा, अनोळखी नंबर उचलाचा नाई. सरळ कापाचा," तिनं बजावलं. लेकीचा शब्द म्हणजे भैयाजींना काळ्या दगडावरची रेघ.

पुढे दुकानासमोरचा बसथांबा हलला, तशी गिऱ्हाइकंही हलली. भैयाजी दिवसदिवस रिकामे बसायचे. असं एक दुकान आहे हेच लोकांना कळत नाही, हे काजलच्या ध्यानात आलं. एका रविवारी ती आली आणि एका बैठकीत सगळं उरकलं. माझ्यातल्या नकाशात दुकानाचं नाव घातलं, उघडायची वेळ आणि माझा नंबर टाकला, खोललेल्या मशीनचे चार फोटो चढवले. जुन्या गिऱ्हाइकांना विनवून नावाखाली कौतुकाच्या दोन-दोन ओळी लिहून घेतल्या. खर्च काय, तर त्यांना पाजलेला चहा! "आता पाहा बाबा, लोक शोधत येतीन," म्हणाली आणि संध्याकाळच्या गाडीनं गेली.

आणि खरंच, मंगळवारपासून मी वाजायला लागलो. पवनारहून, अल्लीपूरहून, कुठून कुठून! मी आनंदानं टेबलावर नाचत होतो. पण नंबर सगळे अनोळखी. भैयाजी दचकून कापायचे. "इतके चोर एकदम काऊन मांगं लागले बा?" त्यांना वाटलं, नकाशामुळे ठगांना आपला पत्ता लागला. लेकीला घोर नको म्हणून तिला बोललेही नाहीत. शेवटी मला मुकं करून बॉबिनच्या खणात टाकलं. काजलच्या फोनाच्या वेळेला तेवढं बाहेर काढायचे. ती विचारायची, "कोणी आलं का, बाबा?" ते म्हणायचे, "नाई, बाई." मी खणात थरथरत राहायचो. अहो, उचला ना! पण आम्हा मोबाईलांना दुसऱ्याचाच आवाज पोचवता येतो. त्याचं वाईट आजही वाटतं.

दोन महिने असेच गेले. "नकाशानं काई झालं नाई," म्हणत भैयाजींनी हत्यारांची पेटी अल्लीपूरच्या मोतीलाल मिस्त्रीला विकली आणि दुकान सोडायचं ठरवलं. काजल सामान आवरायला आली. खणातून मला काढून पाहिलं. न उचललेले एकोणचाळीस फोन.

तिनं एकेकाला उलट फोन लावला. कोणी नवी मशीन घेतली होती, कोणी नागपूरहून दुरुस्त करून आणली होती. पवनारच्या पंचफुलाबाई तेवढ्या म्हणाल्या, "तीन डाव लावला जी फोन. मशीन तशीच पडून हाय. आणू का आता?" भैयाजींचा हात सवयीनं भिंतीवरच्या पेचकसाकडे गेला. तिथे नुसता खिळा होता.

"बाबा, उचलला काऊन नाई?"

"तूच तं सांगतलं होतं, बाई. तुया शब्द मी कवा मोडला?"

काजल ढसाढसा रडली. पंचफुलाबाईंना मोतीलालचा पत्ता द्यावा लागला.

मित्रांनो, दुकानाचं नाव नकाशात घालणं सोपं आहे, फुकटही आहे. पण घरातल्या मोठ्या माणसाला एकदाच सांगून उठू नका. पहिला फोन येईपर्यंत शेजारी बसा, तो उचलायला लावा, आणि तुम्हीच घातलेला जुना नियम आता बदलला, हेही सांगा.

भैयाजी आता लेकीकडेच असतात. नकाशातलं नाव पुसायला काजलचा हात धजत नाही, म्हणून मी अजून अधूनमधून वाजतो. ती उचलते, "दुकान बंद झालं जी," म्हणते. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज येतो, "टाका सुटते म्हणते का? सुई उलटी बसली असंन, सांग त्याले."