पूर्वेची कोर

टिचबटणसुद्धा तेच होतं. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या एकमेकींवर फिरत्या ठेवणारं, झंपराला लावतात तसलं साधं टिचबटण — बाईंनी नखाने ते उचकटलं, पुन्हा दाबलं, टिच् असा आवाज झाला आणि आठ वर्षांपूर्वीची ती दुपार... चांगली पिन मिळेना म्हणून सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातून उचललेलं बटण. तात्पुरती सोय. आणि आता त्याच तात्पुरत्या सोयीच्या हजारो गुळगुळीत पेट्या गावोगावच्या शाळांत चालल्या होत्या. एवढंही बदलावंसं वाटलं नाही त्याला? चोराने भांडी नेता नेता आतलं खरकटंही घेऊन जावं, तसं.

झाकणावर ठळक अक्षरांत ‘आकाशपेटी’ आणि खाली त्याचं नाव, पदासकट.

प्रयोगशाळेच्या ओट्यावर त्या एकेक वस्तू मांडत गेल्या. ग्रहांच्या अंतरांची, गाठी मारलेली दोरी — त्यांच्या वर्गात ती पहिल्यांदा व्हरांड्यात ताणली तेव्हा सूर्य प्रयोगशाळेच्या दाराशी आणि नेपच्यून थेट मुतारीपाशी आला होता, आणि पोरं हसून हसून लोळली होती, पण त्यानंतर एकही पोरगं ग्रहांचा क्रम चुकलं नव्हतं. प्रश्नांचे पत्ते. दिव्याभोवती काठीवर धरायचा चेंडू. सगळं आपलं. मग त्यांनी चंद्रकलांची चकती फिरवली आणि अमावास्येनंतरची खिडकी आली. बारीक कोर, खाली ओळ : ‘संध्याकाळी, पूर्वेला.’

बाई हसल्या. गेल्या तीन आठवड्यांत त्या ही चकती रोज फिरवत होत्या आणि रोज इथे हसत होत्या.

कारण ती कोर पूर्वेला दिसत नाही. नुकता मावळलेला सूर्य आणि त्याच्या मागोमाग निघालेली ती कोर — दोघं पश्चिमेलाच असतात. ही चूक त्याची नव्हती. चूक करायला आधी काहीतरी करावं लागतं. ती त्यांची होती. आई दवाखान्यात होती, त्या बाहेरच्या बाकावर बसून गुडघ्यांवर पुठ्ठा ठेवून चकती आखत होत्या, पूर्व कुठली नि पश्चिम कुठली, बाहेर दिवस आहे की संध्याकाळ, काही भान नव्हतं... आणि तो भेटायला आला होता. तेव्हा तो याच शाळेत शिकवत होता. शिक्षकखोलीत त्याला सगळे ‘अर्धकप’ म्हणत, स्वतःचा चहा कधी मागवायचा नाही, दुसऱ्याच्या कपाकडे बघत म्हणायचा, “अर्धा द्या हो.” त्या दिवशी म्हणाला, “द्या हो बाई, जरा बघायला नेतो.” अख्खी पिशवी नेली. परत आणली तेव्हा सगळ्याच्या प्रती काढून झाल्या असणार. चारच दिवसांनी वर्गाला घेऊन गच्चीवर गेल्यावर बाईंना आपली चूक कळली, त्यांनी आपली चकती दुरुस्त केली. त्याला सांगायचं राहिलं. आई गेली त्याच आठवड्यात.

पेटी मंजूर झाल्याची बातमी आली तेव्हा त्यांनी त्याला पत्र लिहिलं होतं. साधं, सरळ : हे माझं आहे. उत्तर आलं, छापील, दोन ओळींचं — ‘आपल्या शुभेच्छांबद्दल आभार.’

ठीक आहे, त्यांनी तेव्हाच मनाशी म्हटलं होतं. शुभेच्छाच देते.

“बाई, पेटी नीट तपासलीत ना?” मुख्याध्यापिका दारातूनच विचारत होत्या. “साहेब येतीलच आता. प्रात्यक्षिक बघायला चाळीस शिक्षक बाहेरचे आहेत. काही चूकबीक निघाली तर आपली शोभा.”

“सगळं जसंच्या तसं आहे,” बाई म्हणाल्या.

खोटं कुठे होतं त्यात?

तीन आठवडे त्यांनी नववीच्या वर्गाला दुसरं काही शिकवलं नव्हतं. अमावास्या गेल्यावर रोज संध्याकाळी गच्चीवर जायचं, कोर काढायची, खाली दिशा लिहायची, शेजारी जे दिसेल ते काढायचं — पाण्याची टाकी, तारा, झाड. आणि आज सभागृहात त्यांनी पहिल्या रांगेत, मधोमध, वकीलबाईला बसवलं होतं. हे शिक्षकखोलीतलं नाव. त्या मुलीच्या तोंडी लागायला भले भले कचरत. तिला काही पढवलं नव्हतं. गरजच नव्हती. सुरी धार लावून ठेवायची, बस्स. कापायचं तिला ठाऊक असतं.

सभागृहात साहेब आले — तोच अर्धकप, आता जाडजूड झालेला, आवाजही. बाईंना पाहून त्याने हात जोडले, “अरे वा, बाई अजून इथेच!” — आणि पुढे सरकला. बाई मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तो दोरी ताणू लागला, हशा पिकला, नेपच्यूनचा विनोदसुद्धा त्याने त्यांचाच केला... कर. हस. अजून जरा वर चढ. मी वाट बघते आहे, मला आठ वर्षांची सवय आहे.

चकती हातात आली. “ही बघा, अमावास्येनंतरची कोर. संध्याकाळी, पूर्वेला.”

हात वर झाला. वकीलबाईचा.

“सर, ती पश्चिमेला असते.”

“कोण म्हणालं, बाळ?”

“मी पाहिली. पाच दिवस. टाकीच्या वर.”

त्याने एक क्षण चकतीकडे पाहिलं. मग तो हसला, अगदी मायेने. “टाकी कुठल्या दिशेला आहे, हे आधी नीट बघ हं. ही पेटी सात तज्ज्ञांनी तपासली आहे. सगळे चुकले आणि तू एकटी बरोबर?” चाळीस शिक्षक हसले. वर्गही हसला, तिचा स्वतःचा वर्ग.

आता बोल, बाई मनातून ओरडत होत्या, बोल, पुरावा दाखव, सोडू नकोस त्याला...

वकीलबाई खाली बसली. वही उघडली. मान खाली घालून ती काहीतरी करत होती, आणि बाईंना मागून दिसलं ते फक्त तिच्या खांद्याचं हलणं, पुढे-मागे, पुढे-मागे. मग समजलं. ती खोडत होती. डोळ्यांनी पाहिलेलं, स्वतःच्या हाताने लिहिलेलं ‘पश्चिम’, पाचही पानांवरचं, एकेक करून.

“ती चूक माझी आहे.”

सभागृह वळलं. आपणच बोललो, हे बाईंना सगळ्यांच्या नजरांवरून कळलं.

“ती मुलगी बरोबर आहे. कोर पश्चिमेलाच असते. ही चकती मी केली आहे, आठ वर्षांपूर्वी. तेव्हा मी चुकले. बाकी पेटी बरोबर आहे. तीही मीच केली.”

किती वेळा घोकलं होतं हे वाक्य! स्वप्नात त्याचा चेहरा पांढराफटक पडायचा. इथे त्यावर हळूहळू सुटकेचा भाव पसरला. “बघा,” तो म्हणाला, “मी नेहमी सांगतो, आमच्या जुन्या सहकाऱ्यांचा हातभार आहे यात. चूक कबूल करायला मोठं मन लागतं. टाळ्या!” आणि टाळ्या पडल्या. चूक पदरात, हातभारही पदरात. पेटी त्याचीच राहिली.

पुरे नाही. हे पुरे नाही. त्याला मी सोडणार नाही, लेखी देईन, प्रती जोडेन, त्या सात तज्ज्ञांना एकेकाला... बाई जिन्यापाशी आल्या तेव्हा वही छातीशी धरून वकीलबाई उभी होती.

“बाई, तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”

“हो.”

“आज ते सर तेच सांगणार, हेही?”

बाईंची नजर तिच्या वहीवर गेली.

“मग मला पुढे का बसवलंत?”

खोडरबराचा चुरा अजून तिच्या बाहीवर होता. तो झटकावा म्हणून बाईंनी हात पुढे केला, आणि मुलगी मागे सरकली — फार नाही, एक पायरी. ती रडत नव्हती, रागावलीही नव्हती. नुसती बघत होती. काहीतरी मनात नीट, जपून ठेवून देत होती. ते बघणं बाई ओळखत होत्या. ते कसं मुरतं, किती वर्षं टिकतं, सगळं त्यांना पाठ होतं. आत कुठेतरी त्यांचा जुना राग तसाच तापलेला होता, त्याला काही झालं नव्हतं. फक्त तो कुणावर आहे, हे त्यांना एकदम सांगता येईना.