अडीच वाजताची करडी

वाटीच्या काठावर तेलाचा पिवळा थेंब – ओघळत नाही, वाळतही नाही – आणि त्याच्याभोवती फिरणारी एक मुंगी. दुपारपासून वाटी गच्चीवरच पडलेली. वडाभातावर घ्यायचं फोडणीचं तेल, गिरिधरला वाढलेलं. कबुतर उडवायच्या पैजेत परक्या मंडळाचा पंच आपल्या गच्चीवर बसतो, आपल्या घरचं जेवतो, ही रीत. जेवतो आणि मग... घोरतो! महाल वस्तीतल्या मंडळाचा हा पंच सक्करदऱ्याच्या गच्चीवर, ताडपत्रीच्या सावलीत, तोंड उघडं टाकून झोपला, हे चंपतरावांनी या दोन डोळ्यांनी पाहिलं.

तीनला उठला. वर पाहिलं, घड्याळ पाहिलं, वही मिटली.

"दोन ते तीन दिसली नाही, भाऊ. घंट्यातून एकदा दिसाच लागते. तुमची करडी बाद."

"काहून गा, डोये मिटून कबुतर दिसते का कोनाले?"

"तुमाले दिसली?"

"अडीचले! तलावाच्या वर. टिकलीयेवढी."

"मंग मले हालवून उठवलं काहून नाही?"

आणि सायकलवर टांग टाकताना वर – "वहिनी, वडाभात मस्त होता!"

उठवलं काहून नाही म्हणे. मी उठवायचं? पंच तू का मी? तीन महिने बदाम भरडून घातले, पहाटे साडेपाचला सोडली, तेरा तास झाले, मे महिन्याच्या या आगीत ती अजून वर आहे – आणि वहीत काय, बाद! तिला कुठं ठाऊक आहे बाद म्हणजे काय. खुराड्यातला पांढरा नर गच्चीवर सोडला की ती उतरते, नाहीतर नाही; तसंच शिकवलंय. मग नाही सोडत. उडू दे. महालातल्या एकेका गच्चीवरून दिसू दे, बाद झालेलं पाखरू कसं उडतं ते...

जिन्यातून मनकर्णा वर आली.

"अहो, सोडा ना त्या पांढऱ्याले. दिवस बुडून राहिला. मागच्या साली जांभळी अशीच अंधारात गेली."

"थांब."

"कोनाचा राग कोनावर काढता?"

अडीचला... तलावाच्या वर... अडीचला गिरिधरच्या हनुवटीवर तेल चकाकत होतं. माशी बसली, उठली, परत बसली. ओठ हलला. घोरणं थांबलं, पुन्हा सुरू झालं. सगळं आठवतं, माशी किती वेळा बसली तेसुद्धा – आणि आपण श्वास धरून बसलो होतो, हा जागा होऊ नये म्हणून. झोपू दे लेकाला, पकडला आयता, आता बोलू दे महालवाल्यांना... एवढं सगळं पाहिलं, मग तलावाच्या वर कोणत्या डोळ्यांनी? पण दिसली होती. टिकलीएवढी. की ती कालच्या सरावातली?... नाही, झोपला तोच! तोच झोपला!

हात खुराड्याच्या कडीवर गेला. आत पांढरा पंख झाडत होता. तलावाकडचा उजेड तांबूस, मग राखेसारखा, करडा.

"दिसून राहिली ना पन वर?" मनकर्णानं विचारलं.

मुंगी थेंबात अडकली होती.

"हो," चंपतराव वाटीकडे बघत म्हणाले.