प्रिंटर तिहोमिरच्या टेबलावर

प्रिंटरवरून पहिलं रक्त सांडलं ते मार्चमध्ये, आणि ते राय्कोचं होतं.

सर्बियाच्या सीमानाक्यावर, वजनकाट्याच्या वरच्या खोलीत तीन टेबलं होती. विदोसावाचं, राय्कोचं आणि तिहोमिरचं. तिघांचा धंदा एकच, ट्रकवाल्यांना जकातीचे कागद करून देणं. प्रिंटर तिघांनी मिळून घेतलेला. जुन्या पद्धतीचा, सुया आपटत चार प्रती एकदम काढणारा, कारण नाक्यावर दुसरं काही चालायचंच नाही. पण त्याची केबल जायची एकाच कॉम्प्युटरला, तिहोमिरच्या. बाकी दोघांचे कागद भिंतीवरच्या वायरीतून आधी त्याच्या मशीनमध्ये जायचे, तिथं रांगेत उभे राहायचे आणि मग छापले जायचे. त्याचं मशीन बंद असेल, तर प्रिंटर म्हणजे एक मोठं पेपरवेट.

तिहोमिरनं हे पहिल्याच आठवड्यात हेरलं. स्वतःचे कागद पुढे घ्यायचे, दुसऱ्यांचे अडवून ठेवायचे, आणि वर जांभई द्यायची. राय्कोनं मार्चमध्ये जाब विचारला तेव्हा त्यानं कीबोर्ड उचलून त्याच्या तोंडावर हाणला. राय्कोचा एक दात गेला. एप्रिलमध्ये विदोसावानं तिहोमिरच्या बोटांवर पंचिंग मशीन आपटलं, दोन टाके पडले. मेमध्ये राय्कोनं त्याला जिन्यावरून ढकललं, तेव्हा बरगडी गेली. विदोसावा या सगळ्याची नोंद कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीनं ठेवायची. त्याखालीच दुसरी यादी होती: आपला कुठला ट्रक किती वेळ खोळंबला, आणि कुठला ड्रायव्हर कंटाळून तिहोमिरच्या टेबलाकडे गेला. ऑगस्ट लागला तेव्हा तिच्याकडे एकच गिऱ्हाईक उरलं होतं. ग्वोझ्देन. स्वतःची कोकरं स्वतःच्याच ट्रकमधून नेणारा, बैलाच्या मानेचा माणूस.

त्या शुक्रवारी ग्वोझ्देन एकशे ऐंशी कोकरं घेऊन उन्हात उभा होता. ज्याच्या शिक्क्याशिवाय जनावरं नाका ओलांडत नाहीत तो जनावरांचा डॉक्टर दोन वाजता शिक्का खिशात घालून जाणार, तो सोमवारी उगवणार. तोवर ट्रकमध्ये नुसती कातडी उरली असती. कोकरं गेली की ग्वोझ्देन जाणार, आणि ग्वोझ्देन गेला की विदोसावाचं टेबलही गेलं. तिनं बाराला कागद पाठवला. प्रिंटर गप्प. तिहोमिर मशीन बंद करून कधीच घरी गेला होता, आणि त्याच्या पासवर्डशिवाय ते सुरू व्हायचं नाही. इलिया संताचा दिवस, त्याच्या घराण्याचा सण.

"केबल काढून तुझ्या मशीनला लाव ना, मावशी," ग्वोझ्देन म्हणाला.

"लावली. माझं मशीन प्रिंटरला ओळखत नाही. ओळख करून देणारी डिस्क त्याच्या खणात, आणि खणाला कुलूप."

ग्वोझ्देननं टायरचा लोखंडी टॉमी उचलला.

"ठेव तो. तोडलंस तर तो पोलिसांना बोलावेल आणि दोन इथंच वाजतील. आधी त्याच्या घरी पाहुणे होऊन जाऊ. आजच्या दिवशी दारात आलेल्याला त्याला हाकलता येत नाही."

"मला भूक नाही."

"तुला कोण विचारतंय?"

तिहोमिरचं घर गाडीनं दहा मिनिटांवर. आत मेणबत्ती जळत होती, वीसेक माणसं माशांवर तुटून पडली होती, आणि यजमान म्हणून तिहोमिर एकटा उभा. या दिवशी यजमान बसत नाही. विदोसावाला पाहून त्याचा चेहरा आंबला, पण हसू त्यावर चिकटवावंच लागलं. त्याच्या आईनं दोघांपुढे उकडलेले गोड गहू धरले. एकेक चमचा तोंडात घालून त्यांनी छातीवर क्रॉसची खूण केली.

"शेजारीणबाई! केवढं भाग्य माझं."

"सण सुखाचा जावो. खणाची किल्ली दे, बाबा. जनावरं मरतायत."

"आज कामाचं बोलत नाहीत."

"बोलतेय कुठं? मागतेय."

जेवणाऱ्यांचे हात थांबले. एक म्हातारा दाढी पुसत म्हणाला, "मेणबत्तीसमोर मागतेय रे ती." तिहोमिरनं खिशातून किल्ली काढून दिली, इतकं गोड हसत, की विदोसावाला तिथंच समजायला हवं होतं.

सव्वा वाजता ती किल्ली खणाच्या कुलपात निम्मीसुद्धा शिरली नाही. कोंबड्यांच्या खुराड्याची होती.

"आता?" ग्वोझ्देन म्हणाला.

"आता टॉमी आण."

खण दोन घावांत फुटला. डिस्क निघाली. राय्को जीभ दाताच्या खड्ड्यात फिरवत गंमत बघत होता. विदोसावाच्या मशीननं डिस्क घरघरत वाचायला घेतली; एक वीस झाले, एक तीस झाले, आणि एक पस्तीसला प्रिंटरनं पहिली ओळ ठोकली. एकूण पानं तीन.

तेवढ्यात जिना दणाणला. तिहोमिरला घरी राहवलं नव्हतं. मेणबत्ती जळत असताना, पाहुणे जेवत असताना घरचा यजमान उंबरा ओलांडून आला होता, दोन मेव्हण्यांना घेऊन. असं त्यांच्या खोऱ्यात आजवर कोणी केलं नव्हतं. पण प्रिंटर दुसऱ्याच्या मशीनला लागलेला त्याला सहन होईना.

"माझा खण!"

"प्रिंटर तिघांचा आहे, तिहोमिर," विदोसावा म्हणाली. "मागे हो."

थोरल्या मेव्हण्यानं ग्वोझ्देनच्या पोटात डोकं घातलं. दोघं कपाटावर आदळले, काच फुटली. ग्वोझ्देननं त्याचं तोंड कपाटाच्या कडेवर दोनदा ठेचलं, तिसऱ्यांदा ठेचताना त्याचं स्वतःचं डावं मनगट कड्कन मोडलं. धाकट्यानं खुर्ची उचलली, ती राय्कोच्या पाठीत बसली. राय्को खाली गेला आणि फुटक्या खणाची फळी घेऊन वर आला. फळीला खिळा होता. राय्कोनं तो पाहिला, आणि तीच बाजू पुढे करून धाकट्याला हाणलं. त्याच्या पांढऱ्या शर्टाची बाही लाल झाली.

दुसरं पान निम्मं झालं होतं.

तिहोमिर कोणाशी झुंजला नाही. तो टेबलाखालून रांगत केबलकडे गेला. त्याचा पंजा केबलवर पडला तसा विदोसावानं टेबलावरची कात्री घेतली आणि त्या पंजात खुपसली, जमिनीपर्यंत. तो किंचाळला. तरी दुसऱ्या हातानं ओढायला लागला. तिनं गुडघा त्याच्या मानेवर दाबला आणि सगळं अंग त्यावर टाकलं.

"सोड, बये! मरेन!"

"एक पान राहिलंय. तेवढं थांब."

सुया आपटत राहिल्या. तिसरं पान हळूहळू वर सरकलं. तिनं कात्री उपसली, चारही प्रती टर्रकन फाडल्या आणि जिना उतरत सुटली. मागून ग्वोझ्देन, मोडका हात छातीशी धरून.

डॉक्टर टोपी घालून दाराला कुलूप लावत होता. दोनला सहा कमी. त्यानं कागद घेतला, वाचला, आणि कोपऱ्यातल्या ओल्या ठशांवर बोट ठेवलं.

"हे रक्त कोणाचं? जनावराचं असेल तर मला तपासावं लागेल."

"माणसाचं."

"मग माझ्या खात्यात येत नाही," तो म्हणाला, आणि चारही प्रतींवर शिक्का मारला.

ग्वोझ्देननं एका हातानं स्टिअरिंग धरलं, गिअर टाकायला तो हात सोडला की गुडघ्यानं. "मावशी, पुढच्या शुक्रवारी परत," तो खिडकीतून ओरडला. नाक्याचा आडवा दांडा वर गेला. उष्म्यानं तीन कोकरं मेली होती, एकशे सत्त्याहत्तर पलीकडे गेली.

वर खोलीत अजून फर्निचर फुटत होतं. राय्को आणि मेव्हणे एकमेकांना सोडायला तयार नव्हते, आणि आता हे कशासाठी चाललंय, हे त्यांच्यापैकी कोणालाच सांगता आलं नसतं.