रुईचा डगला आणि चालणारी नदी

मित्रांनो, अकोल्यातलं वैशाखाचं ऊन असं, की चिमण्यासुद्धा चोच उघडी टाकून वळचणीला बसतात. अशा उन्हात, मुलींच्या शाळेमागच्या एका अंगणात, दोरीवर रुईनं गच्च भरलेला डगला टांगलेला दिसला तर तुम्हाला हसू येईल. खुशाल हसा. मी एक जुना डगला आहे, आणि लोकांना हसवतच माझा जन्म झाला आहे.

या गावात असा डगला कोणाला लागतो, असं येणारेजाणारे विचारतात. त्याचं उत्तर एका गारेपासून सुरू होतं.

भातकुलीजवळ माणिकबाईंचा मळा होता. घरधनी लवकर गेले. मळा आणि एकुलती मुलगी वच्छला, दोन्ही त्यांनी एकटीनं वाढवली. वांगी, कोबी, टमाटी आणि झेंडू बैलबंडीत घालून त्या अमरावतीच्या बाजारात नेत. एका फाल्गुनात गारपीट झाली. घटकाभरात कोबीचे गड्डे फुटले आणि टमाटी मातीत गेली. शेजारपाजारचे कपाळाला हात लावून बसले. माणिकबाईंनी मात्र बोराएवढी एक गार उचलली आणि पितळी डबीत झाकून ठेवली. संध्याकाळी डबी उघडली तर आत नुसतं पाणी. हे माझ्या जन्माआधीचं आहे. पण वच्छलानं ते इतक्या वेळा सांगितलं आहे, की मीच ती डबी पाहिली असं मला वाटतं.

त्याच आठवड्यात चौथीतल्या वच्छलानं भूगोलाचा धडा मोठ्यानं वाचला. हिमालयात बर्फाच्या नद्या आहेत, त्या गोठलेल्या असूनही दिवसाला काही बोटं पुढं सरकतात, आणि गंगा अशाच एका नदीच्या मुखातून निघते, असं त्यात होतं. माणिकबाईंनी वांगी निवडता निवडता तो धडा तीनदा वाचून घेतला.

"काहून वं वच्छे," त्यांनी विचारलं, "गोठली तं चालते कशी? आन् चालते तं गोठली कशी?"

वच्छलानं शाळेत बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, पुस्तकात लिहिलं आहे ते खरंच असणार. माणिकबाईंचं त्यानं समाधान झालं नाही. गारेनं आपला मळा झोडपला, तेव्हा तिचं माहेर तरी एकदा पाहून येऊ, असं त्यांनी ठरवलं. त्यांची जाऊ पार्बताबाई हिनं गावभर सांगितलं, की माणिक गंगोत्रीच्या यात्रेला निघाली. माणिकबाईंनी तिला तसंच समजू दिलं. खरा बेत फक्त वच्छलाला ठाऊक होता.

त्या बेतातूनच मी झालो. लोकर आमच्या मुलखात कोण वापरतो? कापूस मात्र धुऱ्यावर, म्हणजे बांधावरही होता. आश्विनात माणिकबाईंनी टपोरी बोंडं वेचली, वच्छलानं सरकी काढली, आणि पिंजाऱ्यानं धनुकली लावून ती रुई ढगासारखी केली. बाहेरून जाडंभरडं निळं कापड, आतून माणिकबाईंच्या जुन्या लुगड्याचं अस्तर. शालिकराम शिंप्यानं मला शिवलं. अंगावर घालून पाहताना माणिकबाईंना दरदरून घाम फुटला.

"काकू, हे घालून बंडीत बसू नोका," शालिकराम म्हणाला. "बैल बुजतीन."

माणिकबाईंनी त्याच्याकडून एक कोपरापर्यंत खोल खिसा लावून घेतला. वाफे आखायची खुंटी आणि सुतळी त्यात राहायला हवी होती. नदी खरंच चालते का, हे त्या मोजून पाहणार होत्या.

आता त्यांची चूक सांगतो, कारण ती साऱ्या गावानं मिळून केली. जायचं ठरलं ते पौषात. थंडी पाहायची तर थंडीच्या दिवसांत जावं, उन्हाळ्यात बर्फ उरेल का, असं मायलेकींना वाटलं, आणि गावातही कोणी त्यांना अडवलं नाही. शिवाय पौषात विहीर भरलेली असते, आठ दिवसांनी पाणी दिलं तरी मळा तग धरतो. वच्छलानं हरिद्वारच्या एका धर्मशाळेला कार्ड टाकलं. उत्तर आलं, की दिवाळीनंतर तिकडची वाट बर्फाखाली जाते आणि अक्षय तृतीयेला उघडते, तरी वैशाखात यावे.

गाव पोट धरून हसलं. वच्छलाला शरमल्यासारखं झालं. माणिकबाईंनी मात्र ते कार्ड पुन्हा वाचायला लावलं. एवढ्या उन्हाळ्यात तो बर्फ राहतो तरी कसा? त्यांना एक प्रश्न होता, आता दोन झाले.

मित्रांनो, अडचण तुमच्या लक्षात आली असेल. वैशाखात तिकडची वाट उघडते, आणि वैशाखातच इकडे विहीर तळ गाठते. तेव्हा मळ्याला पहाटे आणि तिन्हीसांजेला थोडं थोडं पाणी द्यावं लागतं, आणि दारं धरायला, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवायला, माणिकबाईंसारखा हात दुसरा नव्हता. मळा मोकळा असे तेव्हा बर्फ बंद, आणि बर्फ मोकळा होई तेव्हा मळा तहानलेला. अशी नऊ वर्षं गेली. मी कडुनिंबाच्या पाल्यात, ट्रंकेच्या तळाशी पडून होतो. पहिली तीनचार वर्षं अक्षय तृतीया आली की झाकण उघडेल असं वाटायचं. नंतर मी वाट पाहणं सोडलं.

मधे एकदाच मला बाहेर काढलं. शेजारी किसनरावांकडे ज्येष्ठात लग्न होतं. सरबतासाठी अमरावतीहून बर्फाची लादी आली. पण वाटेत पोतं फाटून भुसा सांडला आणि लादी भराभर पाझरू लागली. माणिकबाई घरी गेल्या आणि मला घेऊन आल्या. बायका म्हणाल्या, आधीच वितळतो आहे, त्यात त्याला ऊब कशाला देता? माणिकबाई लादीभोवती मला गुंडाळून मोकळ्या झाल्या. त्यांना तरी पक्कं कुठं ठाऊक होतं? पण संध्याकाळी मला उलगडलं तेव्हा अर्धीअधिक लादी शाबूत होती. मी बाहेरचं ऊन आत येऊ दिलं नव्हतं. माणिकबाईंनी तळहात बर्फावर टेकला आणि तो बधिर होईपर्यंत उचलला नाही. मग मला पिळून वाळवलं, आणि मी पुन्हा ट्रंकेत गेलो.

दहाव्या वर्षी ऐन चैत्रात पुन्हा गारपीट झाली. या वेळी गारा लिंबाएवढ्या होत्या. मळ्यात हिरवं पान राहिलं नाही. तिसऱ्या दिवशी ट्रंकेचं झाकण उघडलं.

वच्छला तेव्हा अकोल्याच्या शाळेत शिकवत होती. बातमी ऐकून ती धावत आली. तिला वाटलं, आई खचली असेल. माणिकबाई मला झटकत होत्या.

"आता पाणी कोणाले देऊ?" त्या म्हणाल्या. "चाल वच्छे, तूबी चाल."

वच्छलाच्या शाळेची तपासणी तोंडावर होती. तिची नोकरी नवी, साहेब कडक. ती म्हणाली, पुढच्या खेपेला नक्की येईन. मी माणिकबाईंच्या हातावरच होतो, मी ते ऐकलं. माणिकबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सुतळीचा गुंडा माझ्या खिशात टाकला.

शेवटी सोबतीला पार्बताबाई आली. बडनेऱ्याच्या स्टेशनवर मला हातावर घेऊन उभ्या असलेल्या माणिकबाईंना लोक वळूनवळून पाहत होते. पुढं आगगाडी, मग किती दिवसांची पायवाट, ते मी मोजलं नाही. एके दिवशी मला अंगावर चढवलं आणि मग कित्येक दिवस उतरवलंच नाही. माझा जन्म कशासाठी झाला ते मला तेव्हा कळलं.

गंगोत्रीला बरोबरच्या यात्रेकरूंचा संघ थांबला. स्नान झालं, दर्शन झालं. पार्बताबाई म्हणाली, गंगा तर इथंच भेटली, आता पुढं काय आहे? माणिकबाई म्हणाल्या, ती निघते कुठून ते पुढं आहे. एक वाटाड्या घेऊन त्या निघाल्या. पार्बताबाई कुरकुरत मागोमाग आली, कारण एकटीनं मागं राहायची तिला भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाटाड्यानं बोट दाखवलं. मित्रांनो, समोर पांढरं शुभ्र काहीच नव्हतं. दगड, वाळू आणि चिखल यांचा एक अवाढव्य काळपट ढिगारा, आणि त्याच्या पायथ्याच्या भगदाडातून गढूळ पाणी उसळत होतं.

"याच्यापरीस आपलं वावर बरं होतं," पार्बताबाई म्हणाली. "अन् एवढ्यासाठी म्या पाय तोडून घेतले."

माणिकबाई ढिगाऱ्याच्या कडेला वाकल्या. खुरपणीला बसतात तशा बसल्या आणि हातानं दगड बाजूला सारू लागल्या. वीतभर खाली हिरवट निळा, काचेसारखा बर्फ लागला. माझी बाही त्यानं ओली झाली. त्या तशाच बसून राहिल्या. मग हसू लागल्या.

"पार्बता, यानंबी डगला घातला हाये वं," त्या म्हणाल्या. "दगडमातीचा. म्हणून तं उन्हात उरला."

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. पहिल्यासाठी त्यांनी खिशात हात घातला. बर्फाच्या भेगेत खुंटी ठोकली, तिला सुतळी बांधली, आणि बर्फापुढच्या पक्क्या जमिनीत रुतलेल्या एका मोठ्या खडकापर्यंत ती ताणत नेली. सकाळी सुतळी ढिली पडली, तर नदी चालली. पण वाटाड्या रात्र काढायला तयार होईना. आभाळ भरून येत होतं. तेव्हा त्यांनी खडकापाशी सुतळीला अंतराची खूण म्हणून गाठ मारली, ती मोजाची सुतळी सोडून माझ्या खिशात ठेवली, आणि खुंटी तिथंच राहू दिली.

गावात लोकांनी गंगाजल मागितलं, ते त्यांनी दिलं. चिखलाची गोष्ट कोणाला फारशी आवडली नाही. सुटीत वच्छला आली तेव्हा ती मात्र तीन दिवस ऐकत होती. शेवटी माणिकबाई म्हणाल्या, पुढच्या खेपेला आपण दोघी जाऊ आणि तीच सुतळी पुन्हा लावून पाहू.

पुढची खेप आली नाही. कधी शाळा, कधी मळा, मग माणिकबाईंचे गुडघे. मांजरीनं एकदा माझ्यात पिलं घातली. उंदरांनी एक बाही कुरतडली. याबद्दल माझी तक्रार नाही. घरात वापराविना पडलेल्या वस्तूचं असंच होतं.

गेल्या पौषात माणिकबाईंच्या पायांवर मी होतो. एका सकाळी वच्छलानं मला उचललं तेव्हा माझ्यात ऊब होती, ती माझीच होती; माणिकबाईंचे पाय गार पडले होते.

ती मला अकोल्याला घेऊन आली. तीन महिने तिनं ट्रंक उघडली नाही. चैत्रात उघडली, खिशात हात घातला, आणि बराच वेळ तो बाहेर काढला नाही. मग सुतळीचं एक टोक दाराच्या कडीला बांधून ती अंगणातून चालत गेली. सुतळी शाळेच्या फाटकापर्यंत पोचली. तिथं आईची गाठ होती. त्या गाठीपाशी वच्छला उभी राहिली. मग सावकाश गुंडाळत परत आली, दिवा लावायच्या आधी पाट घेऊन बसली आणि हरिद्वारच्या त्याच धर्मशाळेला कार्ड लिहिलं. या वेळी महिना बरोबर लिहिला.

म्हणून मी आज उन्हात आहे. मित्रांनो, रुईच्या कपड्याला वर्षातून एकदा ऊन दाखवत जा, म्हणजे तो कुबट होत नाही. उंदरांपासून जपा. आणि घरातलं कोणी अंगात डगला चढवून 'चाल' म्हणालं, तर तपासणी पुढच्या वर्षीही असते, हे लक्षात ठेवा.

माझी बाही वच्छलानं काल सांधली. सुतळी खिशात आहे. खुंटी सापडेल की नाही, कोणाला ठाऊक. पण पुस्तकातलं खरं असेल, तर माणिकबाईंनी ठोकलेली ती खुंटी इतकी वर्षं एका जागी उभी नाही. दिवसाला काही बोटं, ती खाली, आमच्या दिशेनं चालत येत असेल.