नावाची चिठ्ठी

गणपतीला गावी जायचं म्हणून प्रतिभाने बदलापुरातली आपली पिठाची गिरणी सहा दिवस बंद ठेवायचं ठरवलं. तशी पाटी लागली मात्र, अख्ख्या आळीने डबे आणून आदळले. प्रतिभाचा नियम कडक होता. डब्यावर नावाची चिठ्ठी नसेल तर दळण नाही, मग डबा कुणाचाही असो. समोरच्या चाळीतल्या म्हाताऱ्या राजाबाईंनाही तिने परवा चिठ्ठीसाठी घरी पिटाळलं होतं.

दुपारी शेवटचं दळण गेलं. तिच्या नवऱ्याने, सुजितने, गिरणीचे गुळगुळीत झालेले दगड उतरवून टाकी लावायला, नव्या खाचा पाडून आणायला, पाठवून दिले. प्रतिभाने भिंतींवरचं पीठ झाडलं आणि कुलूप शोधायला वाकली, तर बाकाखाली एक डबा. आत मोदकांसाठी धुऊन सावलीत वाळवलेले तिचेच तांदूळ, जसेच्या तसे.

"अहो, हे का नाही दळलं?"

"चिठ्ठी नव्हती."

"आपला डबा ओळखता येत नाही?"

"येतो की. पण कुणाचाही असो, असं तूच म्हणतेस ना?"

दगड तर गेलेले, तेव्हा प्रतिभाने तांदूळ पिशवीत ओतले. रिकामा डबा घेऊन ती राजाबाईंच्या दारात गेली.

राजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, आपल्यातलं मोदकांचं पीठ डब्यात भरलं आणि झाकण घट्ट लावलं. मग कॅलेंडरचा कोपरा फाडून त्यावर 'प्रतिभा गिरणीवाली' लिहिलं आणि कणकेचं बोट लावून तो झाकणावर चिकटवला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "वाटेत कुणी परत पाठवायला नको."