जावयाने लावलेलं टायमिंग

आमच्या इंडियानात शनिवारी सकाळी सगळे नवरे बॉनेटमध्ये डोकं घालून उभे असतात. त्याला ते काम म्हणतात. माझा जावई व्हर्लिन त्यातला शिरोमणी. त्याने पाना उचलला की बोल्ट स्वतःहून लपून बसतात, मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्या शनिवारी जत्रेत पाईची स्पर्धा होती. दरवर्षी पहिल्या नंबरची निळी फीत शेजारची ओपल घेऊन जायची, आणि वर्षभर ती खिडकीत लावून मला दाखवायची. यंदा माझी पीचची पाई अशी जमली होती की ओपलचं नाक कापलंच असतं. फक्त दुपारपर्यंत ती परीक्षकांच्या टेबलावर पोचायला हवी होती. गाडी एकच, म्हातारी, आठ सिलिंडरची. तीही व्हर्लिनने उघडून ठेवलेली.

"चालतेय ना? मग कशाला हात लावतोस?"

"आई, ठिणगी जरा पुढेमागे होतेय. टायमिंग लावतो. बघा कशी पळते!"

माझं पांढरं नेलपॉलिश घेऊन त्याने पुलीवरच्या खुणेला फासलं. विचारलंही नाही. इंजिन चालू केलं, लुकलुकणारा दिवा खुणेवर धरला आणि ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर फिरवत बसला.

आता आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, की आधी डिस्ट्रिब्यूटरची बारीक रबरी नळी काढायची आणि तिच्या तोंडात गोल्फची टी, म्हणजे चेंडू ठेवायची ती लाकडी खुंटी, खोचायची. नाहीतर इंजिन त्या नळीतून हवा ओढून ठिणगी आपणच पुढे नेतं, म्हणजे वेळेआधी पाडतं, आणि खूण खोटं बोलते. खूण फार पुढे दिसली म्हणून या शहाण्याने ठिणगी मागे घेतली. आणखी मागे. पार मागे.

"बसली बघा खूण जागेवर!"

पाई पायाशी ठेवून मी गाडीत व्हर्लिनच्या शेजारी बसले. सपाट रस्त्यावर गाडी डोंगर चढल्यासारखी धापा टाकायला लागली. एक कासव हात दाखवून पुढे निघून गेलं. मग पायाखालचा पत्रा तापला. मी व्हर्लिनकडे वळले, तर कानामागे गोल्फची टी!

"जावईबापू, ती टी कानामागे खोचायची असते का?"

त्याने कान चाचपला. "अय्यो. नळी राहिली वाटतं."

"अक्कलही राहिली. गाडी थांबव!"

"आई, आता थांबवली तर परत चालू व्हायची नाही."

ठिणगी उशिरा, त्यामुळे अर्धी आग धुराड्याच्या नळीत. ती इतकी लाल झाली, की कडेच्या शेतातला मका उभ्याउभ्या फुटला आणि कावळे लाह्या खायला उतरले. माझ्या चपलांचे तळ वितळले. पाई रटरट उकळत होती.

परीक्षकाने काटा टोचला, तर काटाच वाकला. ओपल निळी फीत छातीला लावून आली.

"यंदा कोळशाची केलीस का गं?"

मी अख्खी पाई व्हर्लिनच्या मांडीवर ठेवली. "खा."

त्याने खाल्ली. सगळी. बोटंसुद्धा चाटली. "छान झालीय, आई. जरा खमंग आहे."

असल्या माणसाला काय बोलणार? मनातच पोरीला म्हटलं, बाई, निस्तर तुझं तू. मी घरी चालत आले, आणि त्याच्या आधी पोचले.