पहिल्या पायरीवरचा उंदीर

अंतिम सामन्याची घोषणा होण्याआधीच तोकुनागांनी चिझुकोबाईंच्या हातातलं खेळाचं यंत्र काढून घेतलं आणि चष्म्याजवळ नेलं.

साकाता गावातल्या तोकुनागांच्या खेळण्यांच्या दुकानात, वरच्या मजल्यावर, यंत्रातल्या राक्षसांच्या झुंजींची स्पर्धा दर हिवाळ्यात होई. पंच तेच. इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या बासष्ट वर्षांच्या बाईने पहिल्या पायरीवरच्या उंदराकरवी नव्वदाव्या पायरीचे तीन अजगर लोळवले, हे काही त्यांच्या पचनी पडेना.

"आत काहीतरी फिरवलंय तुम्ही."

"काही नाही हो. खेळ बनवणाऱ्यांनीच तान्ह्यांवर दया केलीय. फक्त पहिल्या पायरीवरचं पिल्लू पहिल्या फटक्याने मरत नाही, एक श्वास उरतो. मग मी 'बरोबरी'चा डाव लावते. समोरच्याचाही एकच श्वास उरतो. मग एक टपली."

"ती पळवाट मलाही ठाऊक आहे. पण हा उंदीर सात वर्षांचा! रानात एक झुंज जिंकली तरी पिल्लू वर चढतं. आतून पायरी गोठवलेलंच तेवढं चढत नाही."

"जिंकूच दिलं नाही. रानात कोणी आडवं आलं की पळायचं. सात वर्षं पळवतेय त्याला. इथल्या माणसामाणसांच्या झुंजीत कुठे कोण चढतं?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. तोकुनागांचा संशय आणखी वाढला. इतकं तयार उत्तर खऱ्या माणसाकडे नसतं, असं त्यांना वाटलं.

"मग रानातला एक किडा मारून दाखवा. उंदीर चढला तर खरा. कर नाही त्याला डर कशाला?"

बाईंनी यंत्र परत घेतलं आणि त्या स्वेटरच्या बाहीने पडदा पुसत राहिल्या.

"जाऊ द्या ना, तोकुनागासाहेब," अंतिम फेरीतला बाईंचा प्रतिस्पर्धी, बस चालवणारा असाकुरा म्हणाला. "काकू कशाला लबाडी करतील?"

"मग दाखवत का नाहीत?"

"केलेलं पुसता येत नाही या खेळात," बाई म्हणाल्या. "नाही दाखवलं तर?"

"तर बाद. आणि बाजारात लोक काय बोलतील, ते तुमचं तुम्ही बघा."

चाळीस वर्षं त्या बाजारात लोकांचे कपडे विश्वासाने त्यांच्याकडे येत होते. बाईंनी बटण दाबलं. रानात किडा आला. उंदराने त्याला तीन टपल्या मारल्या, किडा आडवा झाला आणि यंत्रातून पायरी चढल्याची आनंदाची धून वाजली. दुसरी पायरी.

सगळ्यांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. सगळ्यात मोठ्याने तोकुनागांनी. त्यांना खरोखर हायसं वाटलं होतं.

"खरा निघाला! चुकलं माझं," ते कमरेत वाकून म्हणाले. "चला, अंतिम सामना!"

चिझुकोबाईंनी आपलं यंत्र तारेने असाकुराच्या यंत्राला जोडलं. उंदराच्या चित्रावरून अंगठा एकदा फिरवला.

"असाकुरा, काढ तुझा अजगर," त्या म्हणाल्या. "माझा मोठा झालाय आता."

तोकुनागांचे हात टाळीच्या मध्येच थांबले.